बर्फ कमी झाला तरी खाली काय चाललंय ते बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला आर्क्टिकवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की बर्फ कमी झाला की त्या समुद्रातून इंटरनेटच्या केबल आणि तेलाच्या लाईनी टाकणं सोपं होईल, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी सगळी नोकरी इथे बडोद्यात पाईपलाईनच्या कामात गेली, त्यामुळे लाईन म्हटली की मी आधी खालची जमीन बघतो, आणि आर्क्टिकमध्ये खरी गडबड खालीच आहे.

तिथला बर्फ म्हणजे सपाट लादी नव्हे. वाऱ्याने नि प्रवाहाने मोठमोठे तुकडे एकमेकांवर आदळतात, फुटतात, त्यांचे ढीग होतात, ढिगाचा थोडा भाग वर दिसतो आणि त्याच्या साधारण चौपट पाण्याखाली असतो. असा ढीग उथळ पाण्यात आला की खालचं टोक तळाला लागतं, पण मागून मैलोन्मैल पसरलेला बर्फ ढकलतच असतो, मग नांगराचा फाळ चालावा तसा तो तळ उकरत पुढे जातो आणि दोन्ही बाजूंना मातीचे बांध उभे राहतात. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या एर्क राइम्निट्झ आणि पीटर बार्न्स यांनी १९७० च्या दशकात सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र, लावून तळ बघितला तर सगळीकडे चरेच चरे, काही तर किलोमीटरच्या किलोमीटर लांब. बहुतेकांची खोली मीटरभराच्या आत, पण काही कित्येक मीटर खोल गेलेले.

आता यात एक मेख आहे. मोकळ्या पाण्याच्या दिवसांत लाटा गाळ हलवतात आणि जुने चरे बुजतात, म्हणजे तळ साफ दिसला म्हणून तिथे बर्फ घासत नाही असं म्हणताच येत नाही, त्यासाठी तीच जागा काही वर्षांनी परत सोनारने मोजायची, नवे चरे किती पडले ते बघायचं, आणि मग हिशेब करायचा की लाईनच्या आयुष्यात किती खोल चरा पडू शकतो. आणि तेवढ्याच खोलीवर पाईप टाकला तरी भागत नाही!! बर्फ वरून जाताना खालची मऊ माती पण सोबत ओढली जाते, बर्फ पाईपला शिवलाही नाही तरी पाईप वाकतो. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या सी-कोर संस्थेत १९९० च्या दशकात सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात गरगर फिरणाऱ्या यंत्रात, छोटे मॉडेल फिरवून याच्याच टेस्ट केल्या होत्या. आपण इकडे जमिनीत मीटरभर माती वर ठेवली की निश्चिंत असतो. अलास्काच्या नॉर्थस्टार या समुद्रातल्या तेलक्षेत्रातून, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवरून, तेल आणायचं तर समुद्राच्या तळात सुमारे दोन मीटर खाली पाईप पुरावा लागला, तोही भर हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर मशीन उभी करून, बर्फ कापून त्या फटीतून खाली चर खणून. २००१ मध्ये तिथून तेल सुरू झालं. ज्यांनी ते काम केलं त्यांना माझा मनापासून सलाम.

केबलचं तर ताजं उदाहरण आहे. उत्तर अलास्कातल्या गावांना इंटरनेट देणारी क्विंटिलियन कंपनीची केबल जून २०२३ मध्ये ओलिकटॉक पॉइंटच्या उत्तरेला असंच बर्फाने तळ खरवडल्यामुळे तुटली, तिथपर्यंत जहाज जायला बर्फ हटण्याची वाट बघावी लागली आणि दुरुस्ती झाली सप्टेंबरमध्ये. तोवर गावंच्या गावं सॅटेलाईटवर कशीबशी चालली, दवाखाने, दुकानं, सगळंच. जानेवारी २०२५ मध्ये ती परत तुटली, आणि भर हिवाळ्यात समुद्र गोठलेला, म्हणजे दुरुस्ती थेट उन्हाळ्यावर गेली. हे सगळं बर्फ कमी होत असतानाच्या काळातलं आहे हे लक्षात घ्या. जुना जाड बर्फ घटला की फार खोल जाणारे ढीग कमी होतील हे मान्य, पण उरलेल्या बर्फाला हलायला जागा जास्त मिळते, आणि गेल्या काही दशकांत तिथला बर्फ वाहण्याचा वेग वाढल्याचं तरंगत्या यंत्रांच्या नोंदींवरून दिसलंय. मग सोपं होईल असं सरसकट कसं लिहायचं?

हे आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण हिमाद्री हे आपलं संशोधन केंद्र २००८ पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, २०१४ पासून तिथल्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीत, आपलं इंडआर्क नावाचं यंत्र पाण्याखाली मोजमापं घेतंय, २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरणही आणलं, उद्या आपल्या कंपन्या तिकडच्या कामात उतरल्या तर हिशेब आपल्याच पोरांना करायचाय. बडोद्यात इंजिनिअरिंगला असलेल्या कितीतरी मराठी मुलांना खंभातच्या आखातात भरतीच्या जोराने तळ कसा हलतो हे ऐकून माहीत असतं, पण बर्फही तळ खोदतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

तेव्हा विनंती एवढीच की गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडून यावर मोठा लेख लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी आर्क्टिकचा नकाशा छापाल तेव्हा नुसत्या जहाजांच्या रेघा नकोत, पाण्याची खोलीपण दाखवा, किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा वेगळ्या रंगात, कारण केबल आणि पाईप किनाऱ्याला आणायचे तर तिथूनच आणावे लागतात.

आपला,
एक जुना वाचक, दांडिया बाजार, बडोदा