निमोचा छोटा पंख

मनू,

काल गाडी सुटेपर्यंत तू माझ्याशी धड बोलली नाहीस आणि चूक माझीच होती. तुझ्या रूममेटला तुला न विचारता फोन करून दम्याचं सांगायला नको होतं. ती तुला अजून नीट ओळखतही नाही आणि तुझ्याबद्दल तिला पहिल्यांदा कळलं काय, तर रात्री धाप लागली की निळा पंप कुठे शोधायचा. तू म्हणालीस, बाबा, मी नोकरीला चाललेय, पेशंट म्हणून नाही. ते डोक्यातून जाईना.

शेवटी दोन वाजता उठलो आणि 'फाइंडिंग निमो' लावला, तोच, एक पंख छोटा असलेल्या पिल्लू माशाचा. २००३ चा सिनेमा, आपल्याकडे सीडी आली तेव्हा तू चार वर्षांची, मधेमधे अडकायची तरी तुला रोज तीच हवी असायची. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सुरुवातीला तो मोठा मासा येतो आणि निमोची आई जाते, तो सीन मी दर वेळी पुढे ढकलायचो. कितीतरी वर्षं तुला वाटायचं सिनेमा निमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. तुझ्या आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं गं, माझ्याच्याने बघवायचं नाही. काल पहिल्यांदा अख्खा बघितला.

निमोचा बाबा मार्लिन त्याला सगळ्यांसमोर ओरडतो ना, की तुला वाटतं जमेल पण तुला नाही जमणार, आणि मग निमो रागाने बोटीकडे पोहत जातो आणि पकडला जातो, तिथे मला तुझा कालचा चेहराच दिसला.

बरं, रोजचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी, नंतर चूळ भरायची. निळ्यावरचा आकडा बघत जा, शून्य व्हायची वाट बघू नकोस. नवीन खोली झाडताना तोंडाला रुमाल बांध. आणि डॉक्टरांचा कागद... बघ, परत सुरू झालो. सॉरी.

तुझा आवडता सीन आठवतो? पकडून ठेवलेल्या टँकमधल्या नळीत निमो अडकतो, तिथले सगळे मासे मदतीला धावतात आणि त्यांच्यातला तो गिल म्हणतो कोणी हात लावू नका, स्वतः अडकलाय, स्वतः सुटेल. गिलचाही एक पंख फाटका. तू श्वास रोखून बघायचीस आणि "सुटला!" म्हणून माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारायचीस. मी शेजारी निळा पंप मुठीत धरून, कारण उड्या मारल्यास की तुझ्या छातीत शिट्टी वाजायची. त्या सीनमध्ये मी सिनेमा कधी बघितलाच नाही, तुझ्याकडेच बघायचो.

तो सिनेमा काढणारा अँड्र्यू स्टँटन म्हणे आपल्या लहान मुलाला बागेत घेऊन चालला होता आणि वाटभर नुसतं हात लावू नको, पडशील, हेच करत राहिला, त्यातून त्याला ही गोष्ट सुचली. मार्लिन म्हणतो मी निमोला कधी काही होऊ देणार नाही असं वचन दिलं होतं, त्यावर निमोला शोधायला त्याच्यासोबत निघालेली डोरी म्हणते काहीच होऊ दिलं नाहीस तर त्याच्या आयुष्यात काही होणारच नाही. तुझी आई हेच म्हणाली असती.

नववीत ट्रेकला गेलीस तेव्हा वर दम लागला, तूच पंप घेतलास, पाच मिनिटं बसलीस आणि पुढे निघालीस. घरी आल्यावर जेवता जेवता सहज सांगितलंस. मी ताट तसंच ठेवून आत गेलो होतो, तुला वाटलं मी चिडलोय. चिडलो नव्हतो मनू. मला एवढा अभिमान वाटला होता आणि एवढी भीती की समोर बसवेना.

शेवटी निमो डोरीला सोडवायला जाळ्यात शिरतो तेव्हा मार्लिन आधी नाही म्हणतो, मग जा म्हणतो. त्या दोन्हींच्या मधे तो निमोकडे बघतो, तेवढंच मी मागे घेऊन तीन वेळा बघितलं.

रूममेटला परत फोन करणार नाही. तिचा नंबर मात्र काढून टाकलेला नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

बाबा