ताई, तुमच्यामुळे मेडिकल कोडर म्हणून जॉइन झाले

ताई,

ऑफर लेटर आलं त्या दिवशी तुम्हाला नुसतं "झालं ताई, थँक्यू" एवढंच टाकलं, पण तेवढ्यावर माझं मन भरेना म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

सीपीसी, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून आजार-उपचारांचे कोड लावायच्या मेडिकल कोडिंगची परीक्षा, पास झाले तेव्हा वाटलं आता सगळं मार्गी लागलं. चार तासांत १०० प्रश्न, ७० टक्के लागतात, ते पहिल्याच वेळी निघाले. आणि मग कळलं की नावापुढे सीपीसी-ए लागलंय, 'ए' म्हणजे अप्रेंटिस, आणि जिथे बघावं तिथे 'किमान दोन वर्षं अनुभव', बरं तो 'ए' काढायलाच अनुभव लागतो आणि 'ए' बघून अनुभव कोणी देत नाही, मग माणसाने करायचं काय? सात महिने असेच गेले. एका ठिकाणी तर टेस्टसुद्धा न घेता, फ्रेशर नको म्हणून परत पाठवलं. घरी कोणी विचारलं की मी विषय बदलायचे.

तुमची माझी ओळख तरी काय, मॉडिफायर २५ (प्रोसिजरच्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली हे सांगायला कोडला जोडतात तो आकडा) बद्दल मी एक प्रश्न विचारला होता तेवढीच. तुम्ही उत्तर दिलंत आणि वर विचारलंत, रोज किती चार्ट (पेशंटच्या तपासणीच्या नोंदी) कोड करतेस? मी म्हटलं एकही नाही, जॉब शोधतेय ना सध्या. तुम्ही म्हणालात, म्हणजे सात महिने तू कोडिंग केलेलंच नाहीस. लागलं मला ते, पण खरं होतं.

तेव्हापासून रोज पाच सरावाचे चार्ट, तुम्ही स्वतः बसून तयार केलेले (खऱ्या पेशंटचा एक कागदही तुम्ही कधी दाखवला नाहीत, हेही मी तिथेच शिकले), आणि प्रत्येक कोडपुढे एक ओळ, हा कोड का घेतला. पहिला चार्ट अजून डोळ्यासमोर आहे, टाइप २ डायबेटिस, बीपी आणि किडनीचा आजार स्टेज ३. मी तिन्ही सुटे सुटे टाकले, ई११.९, आय१०, एन१८.३०. तुम्ही पहिले दोन खोडलेत आणि गाइडलाइन काढून वाचायला लावलीत. डॉक्टरांनी संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं नसेल तर डायबेटिसचा आणि बीपीचा किडनीशी संबंध आहे असंच धरायचं, म्हणून ई११.२२ (डायबेटिससोबत किडनीचा आजार), आय१२.९ (बीपीसोबत किडनीचा आजार) आणि सोबत स्टेजसाठी एन१८.३०. परीक्षेसाठी हे मला तोंडपाठ होतं हो, पण चार्टमध्ये समोर आलं तेव्हा दिसलंच नाही.

रेझ्युमेमधलं 'हार्डवर्किंग, क्विक लर्नर' तुम्हीच काढायला लावलंत, त्याजागी किती चार्ट केले, कुठल्या स्पेशालिटीचे, आणि ते सरावाचे आहेत असं स्पष्ट लिही म्हणालात. चार्ज एंट्री (बिलांच्या नोंदी भरणं), डिनायल (विमा कंपनीने नाकारलेली बिलं बघणं) असल्या पोस्टलाही अर्ज कर हे मात्र मला आधी पटत नव्हतं, कोडिंग शिकून ते कशाला करायचं असं वाटायचं. आणि बघा, नोकरी मिळाली ती तिथूनच. डिनायलच्या इंटरव्ह्यूला गेले तर त्यांनी एक चार्ट पुढे ठेवला. ओपीडीचा पेशंट, खोकला, ताप, आणि खाली 'प्रॉबेबल न्यूमोनिया'. मी खोकला आणि तापाचे आर०५.९ आणि आर५०.९ लिहिले, आणि सवयीने पुढे कारणही. न्यूमोनिया का सोडला म्हणून विचारलं तर म्हटलं, आउटपेशंटला संशय कोड करत नाही, खात्री होईपर्यंत लक्षणंच, अ‍ॅडमिट असता आणि डिस्चार्जलाही तसंच लिहिलेलं असतं तर घेतला असता. त्या मॅडमनी कागद परत एकदा वाचला आणि विचारलं, ही कारणं लिहायला कोणी शिकवलं? दोन दिवसांनी फोन आला, कोडिंग टीममध्ये याल का.

रात्री ड्यूटी संपवून तुम्ही माझ्या शीट तपासायचात, चार महिने, एक पैसा न घेता. मी कधी विचारलंही नाही की तुमची झोप कधी होते.

सोमवारी ट्रेनिंग संपतंय आणि प्रोडक्शन, म्हणजे खरं काम, सुरू. पहिल्या ऑडिटचा रिझल्ट आला की आधी तुम्हाला पाठवते, चुकांसकट.