रोहनच्या पदवीचा हिशेब

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

शिरोळच्या जमिनीवर कर्ज काढून रोहनला पर्यावरण व्यवस्थापन शिकायला स्वीडनला पाठवायचं म्हणताय. फोनवर मी काही बोलले नाही, कारण मामा शेजारी बसले होते आणि ते बोलायला लागले की आपल्या घरात दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून लिहितेय.

मामा विचारतात, "पर्यावरण व्यवस्थापन शिकून पगार कोण देणार?" प्रश्न चुकीचा नाही. पगार कायद्यामुळे मिळतो, झाडांवरच्या प्रेमापोटी कुणी देत नाही. 1974चा पाण्याचा कायदा, 1981चा हवेचा, 1986चा पर्यावरण संरक्षणाचा, हे आहेत म्हणून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती काढावी लागते, दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. डिस्टिलरीला स्पेंटवॉश, म्हणजे दारू गाळून उरलेलं सांडपाणी, पंचगंगेत सोडता येत नाही. सोडलाच तर काय होतं ते बंधाऱ्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांवरून बावड्यात सगळ्यांना कळतं.

पण कायद्याच्या धाकानं दिलेला पैसा हात आखडून दिलेला असतो. मालकाला आम्ही पर्यावरण सल्लागार म्हणजे कटकट. सीएचं बिल वेळेवर, आमचं तीनदा मागितल्यावर. माझी सुरुवात 20 हजारांवर झाली, ते तुम्हाला माहीतच आहे. विद्यापीठातली एम.एस्सी. होती, कर्ज नव्हतं, म्हणून निभावलं.

आता थोडं बदलतंय. गेल्या महिन्यात शिरोलीतल्या एका फाउंड्रीमालकानं स्वतःहून फोन केला. संमतीच्या कामाला दरवेळी घासाघीस करणारा हाच माणूस. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकानं एक्सेल शीट पाठवलं होतं: एक टन कास्टिंगला, म्हणजे ओतीव मालाला, वीज किती युनिट, डिझेल किती, भंगार किती टक्के, साच्यांची जुनी वाळू जाते कुठं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23पासून बाजारातल्या वरच्या 1000 कंपन्यांना असल्या आकड्यांचे अहवाल सक्तीचे केलेत, त्या आपल्या पुरवठादारांना विचारतात. युरोपनंही 1 जानेवारी 2026पासून आयात लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंटवर ते बनवताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचं शुल्क लावलंय. सगळं कास्टिंग त्यात येत नाही, पण खरेदीदार आत्तापासून आकडे मागतात. आम्ही दुपारभर वीजबिलं आणि भट्टीचं रजिस्टर घेऊन बसलो. दोन्हींचा मेळ बसेना, कारण कॉम्प्रेसरची वीजही भट्टीच्याच खात्यात धरली होती. ते ज्याला दिसतं त्याला लोक पैसे देतात.

रोहन मेकॅनिकलचा आहे, त्याला ते दिसेल. नुसती धोरणाची पदवी घेऊन आलेली, छान इंग्रजी बोलणारी मुलं आमच्या ऑफिसात आहेत. त्यांना भट्टीजवळ नेलं की गप्प होतात.

आता पैशाचं. फी आणि राहणं धरून 40 लाख लागतील असं रोहनच म्हणतो. 10 टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला जवळजवळ 53 हजार. शिकताना चढणारं व्याज वेगळं. तिकडे नोकरी मिळाली तर फिटेल. नाही मिळाली आणि परत आला, तर इथल्या सुरुवातीच्या पगारात तो हप्ता बसत नाही. मग जमीन जाईल. बाबा म्हणतात ती तशीही पुरात बुडते. बुडते, पण पाणी ओसरल्यावर आपलीच राहते ना!

मला वाटतं त्यानं आधी तीन वर्षं कारखान्यात काढावीत. इंजिनिअरला तेवढ्या अनुभवावर ऊर्जा लेखापरीक्षकाची, म्हणजे कारखान्याचा वीज-इंधनाचा वापर तपासणाऱ्याची, परीक्षा देता येते, तिला मागणी आहे आणि खर्च किरकोळ. मग शिकायचं तर जर्मनी बघावी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. एका वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे 12 लाखांच्या आसपास. काही त्याचे साठलेले, काही मी घालीन. कमी पडलं तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला राष्ट्रीयीकृत बँका सहसा तारण मागत नाहीत. ते त्याच्या नावावर काढायचं, बाबांनी फक्त सहकर्जदार म्हणून सही करायची.

आई, तो रुसेल. मैत्रिणीचा मुलगा गेला, मग आपला का नाही, हे तुझ्याही मनात आहे, मला कळतं. त्या मुलाच्या घरी दोन पेट्रोल पंप आहेत.

बाबा, सातबारा बँकेत दिला असेल तर परत मागून घ्या. रोहनशी मी रविवारी बोलते, तोवर तुम्ही काही म्हणू नका. मामांनाही नको.

तुमची,
शुभदा