डावी पट्टी मागितली, तिसरी उजवी आली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (पुणे कार्यालय)

विषय : १९६६ फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबलच्या (पाडता येणाऱ्या छपराच्या गाडीच्या) मोल्डिंगचा सेट आणि पांढरा टॉप बूट

महोदय,

याआधीची चार पत्रं इंग्रजीत लिहिली. हे मराठीत आहे, कारण मंगळवारी तुमच्या कॉल सेंटरमधल्या मुलाला वाटलं की त्याने मला होल्डवर टाकलंय. टाकलं नव्हतं. मग शेजारच्याला तो जे बोलला ते मराठीत होतं, आणि मला शब्दन् शब्द कळलं. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे वाणसामानाच्या दुकानात भांडणंसुद्धा मराठीत होतात.

माल तुमचाच आहे, तरी तो काय आहे हे एकदा सांगतो : बूट म्हणजे छप्पर पाडल्यावर त्याच्या घडीवर ताणून बसवायचं विनाइलचं आच्छादन, आणि मोल्डिंग म्हणजे ते जिच्यात अडकतं ती त्या जागेच्या कडेची स्टीलची पट्टी, डावी, मधली आणि उजवी अशा तीन तुकड्यांची. तीन तुकड्यांपैकी मधला आणि उजवा बसले. डाव्याचा बाक चुकलाय. मागचं टोक मधल्या तुकड्याला भिडवून नट आवळला की पुढचं टोक पत्र्यावरून उचललं जातं आणि खालून शाळेची पेन्सिल आरपार जाते. पेन्सिलीसकट फोटो पाठवला होता. पुढचं टोक दाबून धरलं तर मागे सांधा फाकतो. आता बुटाच्या कडेची शिवलेली प्लास्टिकची पट्टी त्या मोल्डिंगच्या ओठाखाली सारायची असते. ओठच जागेवर नाही तर ती अडकणार कशात? उजवीकडे बूट पखवाजासारखा ताठ, डावीकडे सुटलेल्या धोतरासारखा. ऑक्टोबरमध्ये छप्पर पाडून रूट वन हायवेवर एकदाच गाडी काढली, तर तो असा फडफडायला लागला की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारून मला बाजूला घेतलं.

बूट विभाग म्हणाला, दोष मोल्डिंगचा. मोल्डिंग विभाग म्हणाला, बूट नवीन आहे, दोन दिवस उन्हात ठेवा, विनाइल सैल पडेल. हे जानेवारीत. बाहेर उणे सात. आणि उन्हाने विनाइल सैल पडतं हे मलाही माहीत आहे, पण स्टेनलेस स्टीलचा बाक उन्हाने बदलतो हे मात्र तुमच्याकडूनच कळलं.

आता मंगळवारचा फोन. एकूण ४१ मिनिटं. पहिली वीस व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात गेली.

"सर, सतरा कॅरॅक्टर लागतात."
"अकराच आहेत. सिक्स टी झिरो एट सी, आणि पुढे सहा आकडे."
"सर, डॅशबोर्डवर काचेखाली बघा, पूर्ण नंबर असेल."

या गाडीला तिथे नंबर नसतो. तो इंजिनशेजारी फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि दाराच्या पट्टीवर असतो. सतरा अक्षरांचा नियम १९८१ सालापासूनचा. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या कंपनीला हे गिऱ्हाइकाने शिकवायचं? शिकवलं. वर हेही सांगितलं की त्यातला 'टी' म्हणजे फोर्डचा मेटुचेन प्लँट, जो आमच्याच एडिसनमध्ये होता. त्यावर तो म्हणाला, "सर, सिस्टिम घेत नाहीये, पुढे सहा शून्यं लावू का?" लाव बाबा. लावली. सिस्टिमने तीही घेतली नाहीत.

मग तो होल्ड, जो होल्ड नव्हता :

"अरे, त्या आजोबांची गाडीच वाकडी असणार. साठ वर्षांची आहे, ठोकली असेल कुठेतरी. आणि नावं पट्टीला ठेवतायत."

दोघं हसले. मी काही बोललो नाही. दोन मिनिटांनी तो गोड इंग्रजीत परतला : वाट पाहिल्याबद्दल आभार, आमच्या टेक्निकल टीमच्या मते आपल्या गाडीची बॉडी अलाइनमेंटमध्ये नसावी. टेक्निकल टीम! म्हणजे ज्याच्याबरोबर हसला तो.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मला आईने शिकवलं होतं. तुम्ही ते ग्राहक सेवेचं धोरण केलंत. माझ्या गाडीची जुनी, मूळची डावी पट्टी अजून गॅरेजमध्ये आहे. छप्पर बदलणाऱ्याने तिला पोचा पाडला, म्हणून तर नवी मागवली. ती आजही त्याच गाडीवर ठेवली की कडेला कड लागून बसते, पोच्यासकट. वाकडी गाडी असती तर ती बसली असती? फोर्डने १९६६ मध्ये ७२,११९ कन्व्हर्टिबल मस्टँग बनवल्या. त्या सगळ्यांना बसेल म्हणून तुम्ही हा सेट विकता, आणि न बसली की गाडी वाकडी.

वीस वर्षं मी तुमचं गिऱ्हाईक आहे. दारांचे रबर, छपराची मोटार, सगळं तुमच्याकडचं, आणि चांगलं निघालं होतं. म्हणून जास्त लागलं. आजोबा म्हणाल्याचं नाही, आजोबा मी आहेच. पण ४१२ डॉलर घेऊन, परत करायचं असेल तर वीस टक्के कापू असं वर ऐकवून, हसायचं?

बदली म्हणून दोनदा पट्टी आली, दोन्ही वेळा उजवी. सेटमधली धरून आता माझ्याकडे तीन उजव्या आहेत. हे का होतंय ते मंगळवारी फोन ठेवल्यावर डोक्यात आलं. मी दर वेळी "ड्रायव्हरच्या बाजूची" म्हणत होतो आणि पुण्यात बसलेला मुलगा इमानेइतबारे उजवी लिहून घेत होता. त्याचं चुकलं नाही, त्याच्या मारुतीत ड्रायव्हर उजवीकडेच बसतो. पण कॉल सेंटर पुण्यात नेताना एवढं तरी कोणी त्याला सांगायला नको होतं? वर्षाला लाखो डॉलरचा माल...

जाऊ दे. पंधरा दिवसांत बरोबर बाकाची पट्टी आली नाही तर पूर्ण पैशांसाठी कार्ड कंपनीकडे वाद दाखल करीन, आणि पेन्सिलीचा फोटो आमच्या मस्टँग क्लबच्या प्रत्येक सभासदाकडे जाईल. दोन उजव्या पट्ट्या खोक्यात भरून ठेवल्या आहेत, न्यायला माणूस पाठवा. टपालखर्च मी देणार नाही.

पट्टी डावी पाठवा. ड्रायव्हरच्या बाजूची. अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या.

आपला,
तोच आजोबा