सोनकीचे बी पडेपर्यंत गडांवरील सरसकट कापणी थांबवावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर यांच्यासह महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी हा एक, अशा १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला आहे. या किल्ल्यांच्या देखभालीबाबत एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पावसाळा सरता सरता सह्याद्रीचे उतार आणि गडमाथे पिवळेधमक करणारी सोनकी ही सूर्यफुलाच्या कुळातील चिमुकली वनस्पती आहे. ‘सेनेसिओ बॉम्बेएन्सिस’ या तिच्या शास्त्रीय नावातच मुंबईचा उल्लेख आहे. आपण जिला एक फूल समजतो, ती प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांची गुंफण असते आणि तिच्यावर मधमाश्या व फुलपाखरे सतत येत असतात. कारवी ७ वर्षांनी फुलते म्हणून तिच्या बहराची बातमी होते. सोनकी मात्र दरवर्षी दिसते, म्हणून ती दिसणारच असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ती वर्षायू आहे. पावसात उगवलेले रोप फुलून, बी टाकून काही महिन्यांतच वाळून जाते, त्यामुळे पुढच्या वर्षीचा बहर यंदा मातीत पडलेल्या बियांवरच अवलंबून असतो.

नेमक्या याच काळात अनेक ठिकाणी स्वच्छतेच्या नावाखाली यंत्राने सरसकट कापणी होते. तटबंदीच्या सांध्यांत रुजलेले पिंपळ-उंबर वेळीच काढलेच पाहिजेत, कारण त्यांची मुळे चिरे फोडतात आणि तिथे दिरंगाई परवडणारी नाही. परंतु उतारावरील सोनकी-तेरड्यापासून बांधकामाला तसा कोणताही धोका नाही, आणि फुलावर असतानाच ती कापली, तर तिचे बी धरतच नाही. छायाचित्रासाठी वाट सोडून ताटव्यात शिरणाऱ्यांच्या पायांखालीही हेच घडते, याचे फार वाईट वाटते.

पुरातत्त्व विभाग, वन विभाग आणि गडसंवर्धन करणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, पायवाटा व तटबंदी वगळता इतरत्र कापणी सोनकी वाळून बी पडल्यानंतरच करावी आणि तशी सूचना कंत्राटातच लेखी नमूद करावी.

आपला विश्वासू,
एक गडप्रेमी वाचक, पुणे