शैवालाच्या तलावातून बेंझीन जाते कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सूक्ष्मशैवाल तेलविहिरींचे सांडपाणी स्वच्छ करते आणि वर त्याच शैवालापासून इंधनही मिळते, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत ‘नव्वद टक्के प्रदूषके नष्ट’ असा एखादा आकडा असतो आणि बातमी तिथेच संपते. आम्ही औद्योगिक सांडपाण्याच्या प्रक्रियेचे काम करतो. या तंत्राबद्दल आम्हाला आस्था आहे, म्हणूनच हे पत्र. एखादा पदार्थ पाण्यातून गेला म्हणजे तो नष्ट झाला असे होत नाही. तो हवेत उडाला, गाळात बसला की नुसता पातळ झाला, हे कळल्याशिवाय त्या नव्वद टक्क्यांना अर्थ नाही.

आधी हे पाणी काय असते ते सांगायला हवे. तेलासोबत जमिनीतून पाणीही वर येते. या व्यवसायात त्याला ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ म्हणतात. विहीर जुनी होत जाते तसे त्याचे प्रमाण वाढते आणि वर येणाऱ्या द्रवात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असणे ही जुन्या क्षेत्रांत नेहमीची गोष्ट आहे. त्यात तेलाचे थेंब असतात, विरघळलेले बेंझीन, टोल्यूईन, फिनॉल, सेंद्रिय आम्ले आणि अमोनिया असतो. बोरॉन, बेरियम, कधी हायड्रोजन सल्फाइड, तर काही ठिकाणी भूगर्भातून आलेले रेडियमही असते. क्षार काही हजार मिलिग्रॅम प्रति लिटरपासून तीन लाखांपर्यंत काहीही असू शकतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असतात. शिवाय गंज रोखणारी, जंतू मारणारी आणि तेल-पाणी वेगळे करणारी रसायने आपणच त्यात ओतलेली असतात.

असे पाणी थेट शैवालाच्या तलावात सोडता येत नाही. विहिरीतून ते गरम येते आणि शैवालाच्या बहुतेक जातींना २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, तेव्हा आधी ते निववावे लागते. मग गुरुत्व विभाजक टाकीत मोठे थेंब वर येतात, तिरप्या पत्र्यांच्या विभाजकात त्याहून बारीक, आणि हवेच्या बुडबुड्यांनी तरंगवण्याच्या टाकीत, म्हणजे डीएएफमध्ये, उरलेले बरेचसे. त्यानंतर अक्रोडाच्या टरफलांचा गाळणथर असेल तर उत्तम. समुद्रातल्या तेलविहिरींच्या विसर्गासाठी अमेरिकेत तेलाची मासिक सरासरी मर्यादा लिटरला २९ मिलिग्रॅम आणि एका दिवसाची कमाल ४२ आहे. शैवालासाठी याच्याही खाली जावे लागते, कारण तेलाचा तवंग प्रकाश अडवतो आणि वायूंची देवघेवही थांबवतो.

शैवालाची जात निवडताना खारटपणा पाहायचा, बाकी सगळे नंतर. लिटरला पाच हजार मिलिग्रॅमच्या आत क्षार असलेल्या पाण्यात क्लोरेला किंवा सीनडेस्मस, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस किंवा टेट्रासेल्मिस, त्याच्या दुपटीला ड्युनालिएला. ड्युनालिएलाच्या पेशीला कडक भित्ती नसते. ती आत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या क्षारांचा दाब तोलते. त्याहून खूप खाऱ्या पाण्यातही ती जगते, पण वाढ इतकी मंदावते की प्रक्रिया म्हणून तिचा उपयोग राहत नाही.

आता खरे काम कोण करते ते पाहू. तेलातले सेंद्रिय पदार्थ मुख्यतः जिवाणू खातात. शैवाल त्यांना प्राणवायू पुरवते, एक किलो कोरडे शैवाल वाढताना साधारण दीड किलो. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शैवाल घेते. पाण्यात हवा फुंकणाऱ्या ब्लोअरची वीज वाचते ती यामुळे, आणि या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा आमच्या मते हाच आहे. अमोनिया आणि फॉस्फरस मात्र शैवाल स्वतः पेशींत ओढून घेते.

रोज १००० घनमीटर पाणी, २५ सेंटिमीटर खोलीचा रेसवे तलाव (पाणी गोल फिरत राहील असा उथळ, लांबट तलाव) आणि पाच दिवसांचा मुक्काम धरला तर २ हेक्टर जागा लागते. पॅडल व्हीलने पाणी सेकंदाला २० ते ३० सेंटिमीटर वेगाने फिरते ठेवायचे. चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम वाढ धरली, तर रोज ३०० किलो कोरडे शैवाल तयार होईल. त्यात सुमारे ७ टक्के नायट्रोजन, म्हणजे २१ किलो. याचा अर्थ लिटरला २१ मिलिग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन हा तलाव खरोखर उचलू शकतो. येणाऱ्या पाण्यात तो ८० असेल, तर जागा जवळपास चौपट हवी. या गणिताला पळवाट नाही.

फॉस्फरस बहुतेक वेळा बाहेरून द्यावा लागतो, कारण या पाण्यात तो नाममात्र असतो. वरच्या हिशोबाने रोज ३ किलो, म्हणजे ८५ टक्के तीव्रतेचे सुमारे ११ किलो फॉस्फोरिक आम्ल. ते पहाटे, सामू (पीएच) ८ च्या खाली असताना आणि थोडे थोडे द्यावे. दुपारी एकदम ओतले तर ते कॅल्शियमबरोबर तळाला बसते आणि शैवाल उपाशीच राहते.

सामूवर तर सगळेच अवलंबून आहे. उन्हात शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि तो बाहेरून पुरवला नाही तर दुपारपर्यंत सामू १० च्या पुढे जातो. सामू ७.५ असताना अमोनियाचा जेमतेम २ टक्के भाग मुक्त वायूच्या रूपात असतो. २५ अंशांना, सामू ९.२५ झाला की निम्मा. हा मुक्त अमोनिया शैवालाला विषारी आहे आणि तो तलावावरून हवेतही निघून जातो. अहवालात मग ‘नायट्रोजन ९० टक्के कमी’ असे येते आणि प्रत्यक्षात त्यातला बराचसा आजूबाजूच्या हवेत गेलेला असतो. म्हणून सामू ८ वर गेला की आपोआप उघडणारा कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह बसवावा. एक किलो शैवालाला सुमारे १.८ किलो वायू लागतो, म्हणजे आपल्या उदाहरणात दिवसाला ५४० किलो. तेलक्षेत्रावरच्या हीटरचा धूर वापरता येतो, पण गंधकाचे अंश आधी धुऊन काढावे लागतात.

बेंझीनचीही गत हीच. उघड्या, उथळ आणि सतत ढवळल्या जाणाऱ्या तलावातून ते शैवाल नसले तरी उडून जाते. म्हणून प्रत्येक चाचणीत जिवंत शैवालाच्या पात्राशेजारी त्याच आकाराचे, तितकेच ढवळलेले, मेलेल्या पेशींचे पात्र ठेवले पाहिजे. दोन्हींत सारखीच घट दिसली तर शैवालाने बेंझीनचे काहीही केलेले नाही. ते तलावावर काम करणाऱ्यांच्या नाकात गेले. योग्य मार्ग असा, की तलावाच्या आधी बंद मनोऱ्यात हवेने किंवा वायूने ते काढून घ्यावे आणि जाळावे.

विरलीकरणाची हातचलाखीही ओळखता आली पाहिजे. प्रयोगशाळेत हे पाणी अनेकदा १० ते ५० टक्केच घेतात आणि बाकी गोडे पाणी घालतात. शैवालाला सवय लावताना सुरुवातीला १०, मग २५, मग ५० टक्के असे चढत जाणे बरोबर आहे; प्रत्येक पायरीवर वाढ पूर्ववत होईपर्यंत थांबावे. पण रोजच्या चालीत पाणी मिसळावे लागत असेल, तर आपण एका घनमीटरचे दोन किंवा चार घनमीटर सांडपाणी करून ठेवतो.

तलाव कोलमडतो तो बहुधा विहिरीकडून आलेल्या जंतुनाशकाच्या लोंढ्यामुळे. पाइपलाइनमध्ये ग्लुटाराल्डिहाइडचा डोस दिला आणि तलाव चालवणाऱ्याला कळवलेच नाही, की हिरवा रंग पिवळट-तपकिरी होतो, फेस येतो, आणि दुपारचा विरघळलेला प्राणवायू, जो एरवी संपृक्ततेच्या वर असतो, सकाळइतकाच खाली राहतो. रंग बदलण्याआधी प्राणवायू बोलतो, म्हणून मीटर तलावातच कायमचा बसवावा. तलावाच्या आधी किमान एक दिवसाचे पाणी मावेल अशी समतोल टाकी हवी. रोज सकाळी त्या टाकीतले पाणी आणि तलावातले शैवाल एका बरणीत मिसळून उन्हात ठेवावे. तासाभरात प्राणवायू चढला नाही तर आवक बंद करावी. दुसरा शत्रू रोटिफर. हे सूक्ष्म प्राणी काही दिवसांत तलाव फस्त करतात, तेव्हा दररोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे चुकवू नये.

शैवाल पाण्यातून बाहेर काढणे हे सर्वांत खर्चिक काम. पेशी २ ते २० मायक्रॉनच्या आणि घनता जवळपास पाण्याइतकीच, त्यामुळे त्या आपोआप लवकर बसत नाहीत. गोड्या पाण्यात तुरटीच्या किंवा फेरिक क्लोराइडच्या ज्या मात्रेने गुठळ्या होतात, तिच्या कित्येक पट खाऱ्या पाण्यात लागते, आणि लांब साखळीचे पॉलिमर तिथे आकसून निकामी होतात. चुन्याने सामू १०.५ च्या वर नेला तर पाण्यातलेच मॅग्नेशियम गुठळ्या करते. विसर्गाआधी मात्र सामू पुन्हा खाली आणावा लागतो आणि गाळात खनिजांचा भार वाढतो. डीएएफ आणि नंतर सेंट्रिफ्यूज लावून १५ टक्क्यांचा लगदा केला, तर रोज २ टन होतो. तो दिवसभर पडून राहिला तर पेशी फुटतात आणि पकडलेला नायट्रोजन परत पाण्यात येतो.

या लगद्यात पाण्यातल्या धातूंचा, आणि रेडियम असेल तर त्याचाही, काही भाग एकवटतो. तो पशुखाद्यात किंवा शेतात जाता कामा नये. विल्हेवाटीआधी प्रत्येक खेपेची किरणोत्सर्गाची आणि धातूंची तपासणी झालीच पाहिजे. इंधनाचे म्हणाल, तर ३०० किलोत २० टक्के चरबी धरली तरी दिवसाला ६० किलो तेल. ९० टक्के पाणी असलेल्या क्षेत्रात त्याच १००० घनमीटर पाण्याबरोबर शंभराहून अधिक घनमीटर खनिज तेल वर आलेले असते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शैवालतेलावर मोठा कार्यक्रम चालवला, आणि त्याचाही निष्कर्ष खनिज तेलापेक्षा खर्च जास्त पडतो असाच होता.

क्षार तर शैवाल काढतच नाही, उलट ते वाढतात. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तर २ हेक्टरवरून १०० घनमीटर पाणी उडते आणि उरलेले दहाएक टक्क्यांनी अधिक खारट होते. जैविक पद्धती कमी खारट पाण्यावर मोठ्या प्रमाणात चालतात, याचा दाखला ओमानमधील निम्र तेलक्षेत्रात आहे. तिथे बोरूसारख्या उंच गवताच्या (रीड) पाणथळीतून रोज हजारो घनमीटर असे पाणी जाते. खारट पाण्याला त्यापुढे पटलगाळणी (मेंब्रेन फिल्ट्रेशन) किंवा बाष्पीभवन लागेल.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा प्रकल्पाची बातमी देताना चार आकडे मागून घ्यावेत: आवक पाण्याचे एकूण क्षार, मिसळलेल्या गोड्या पाण्याचे प्रमाण, मेलेल्या पेशींच्या पात्रातली घट आणि रोजच्या लगद्याचे वजन, तो कुठे जातो त्यासह. प्रकल्प खरोखर चालू असेल तर हे चारही आकडे तिथल्या नोंदवहीत असतातच.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील काही वाचक