उलगडा भुताने केला, तर तपास कोणी केला?

महोदय,

दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारी मालिकांत निखळ तपासकथा उरली नसून कुटुंबकलह, विनोद आणि भयकथा यांची सरमिसळ झाली आहे, अशी तक्रार वर्तमानपत्रांतून वारंवार वाचायला मिळते. आम्हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, प्रेक्षकांना सरमिसळीचे वावडे नाही. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की वडसा येथील मंडळ्यांची नाटके गावोगावी रात्रभर चालतात. त्यांत बापाचे रडणे संपते न संपते तोच विनोदी नट येऊन मंडप हसवून जातो, मध्येच लावणीही होते, आणि तरीही पहाटे घरी परतणाऱ्या माणसाच्या डोक्यात कथानक शाबूत असते. दूरदर्शनवरचा गुप्तहेर 'करमचंद' 1985 साली गाजर खातखातच खुनाचा माग काढत होता.

'देवमाणूस' (2020) ही मालिका मला आवडली, ती या मिश्रणामुळेच. गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला आरंभीच ठाऊक होते. त्यातल्या सरू आजीच्या तोंडाळपणाला आपण हसत असताना खुनी असलेला तो बोगस डॉक्टर त्याच भोळ्या घरात सुखाने वावरत होता, म्हणजे गावाचा भाबडा विनोद हाच त्याचा आडोसा होता. तो विनोद वगळला असता, तर एवढी माणसे नाहीशी होऊनही गावाला संशय कसा आला नाही, हे पटलेच नसते. (पुढे मालिका लांबली, हे खरे, पण तो दोष मिश्रणाचा नव्हे.)

माझा आक्षेप आहे तो गुन्हा आणि भूतबाधा यांच्या मिश्रणाला, तेही उलगडा बाधेकडे सोपवला जातो तेव्हाच. घरात भास होतात, अंगात येते, कुणीतरी स्वप्नात येऊन खुन्याचे नाव सांगते. मग पोलीस पाटलाची खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांना कथेत कामच उरत नाही. शहरात ही करमणूक ठरत असेल. आमच्या जिल्ह्यात ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे, जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू असतानाही, करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात खांबाला बांधून मारहाण झाली. तिथेही 'दोषी कोण' हे कुणाच्या तरी अंगात आल्यावरच ठरले होते. अशा मुलखात पडद्यावर अंगात आलेल्या बाईचे बोलणे खरे ठरते, तेव्हा ते पाहणारे सगळेच त्याला नुसती गोष्ट समजत नाहीत.

भीती दाखवू नये, असे माझे म्हणणे नाही. वाड्यात रात्री पैंजण खुशाल वाजू द्यावेत. ते कोणी आणि का वाजवले, हे मात्र तपासातून निघावे. आपल्या रविवारच्या पुरवणीत मालिकांची परीक्षणे येतात. त्यांत अभिनय आणि टीआरपी यांच्या जोडीने गुन्ह्याचा उलगडा पुराव्याने झाला की अंगात येऊन झाला, एवढी एक ओळ लिहिली जावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर